जुनं कॉमिक 'सुधारण्या'चा हक्क कोणाला?

फँटमचा पोशाख कोणत्या रंगाचा? अमेरिकी वाचक म्हणेल जांभळा, स्वीडिश वाचक म्हणेल निळा, इटालियन म्हणेल लाल, आणि तिघांचंही बरोबर. ली फॉकने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रात ही चित्रपट्टी सुरू केली तेव्हा ती रोजच्या अंकात कृष्णधवल छापली जायची आणि फॉकच्या डोक्यात करडा पोशाख होता. मे १९३९ मध्ये रविवारचं रंगीत पान सुरू झालं आणि रंग भरणाऱ्यांनी त्याला जांभळा करून टाकलं. बाकी देशांत ज्याने त्याने आपापला रंग निवडला. मराठी वाचक ज्याला वेताळ म्हणून ओळखतो त्याच्या बाबतीत तर गोष्टीतली नावंही बदलली. इंद्रजाल कॉमिक्सने त्याच्या बंगाला या काल्पनिक देशाचं डेंकाली केलं आणि सिंग चाच्यांचं सिंगा केलं, कारण मूळ नावं इथल्या वाचकाला खटकली असती.

यावरून एक सोयीचा निष्कर्ष निघतो आणि प्रकाशकांना तो फार आवडतो. कॉमिक्समध्ये 'मूळ' असं काही नसतंच, सगळं घाईत, स्वस्तात, अनेक हातांनी झालेलं, मग आज छापताना आपण चार गोष्टी नीट केल्या तर बिघडलं कुठे? माझं म्हणणं असं, की इथेच सगळं बिघडतं. घाईत झालेली वस्तूही विशिष्ट तारखेला, विशिष्ट आकारात, विशिष्ट शाईने वाचकाच्या हातात पडली होती. तेवढं मूळ पुरेसं आहे. प्रकाशकाने हवी ती आवृत्ती काढावी, नवे रंग भरावेत, मुलांसाठी वेगळं संपादन करावं. पण दोन अटींवर: काय बदललं ते पुस्तकातच छापायचं, आणि न बदललेली प्रत कुठे ना कुठे मिळती ठेवायची. आज बहुतेक पुनर्मुद्रणांत पहिली अट पाळली जात नाही आणि दुसरीचा तर विचारही होत नाही.

रंगापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त नासधूस तिथे होते.

साधारण १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची चार दशकं अमेरिकी कॉमिक बुकचं रंगकाम ठरलेल्या चौकटीत चालत असे. पिवळी, लाल आणि निळी अशा तीन रंगीत शाया, आणि रेषेसाठी काळी. प्रत्येक रंगीत शाईच्या तीनच पायऱ्या: २५ टक्के, ५० टक्के आणि भरीव. पहिल्या दोन पायऱ्या ठिपक्यांच्या जाळीतून मिळत. 'शाईच नाही' ही चौथी पायरी धरली की चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे कोऱ्या कागदासकट ६४ छटा. रंगकार पानाच्या लहान प्रतीवर रंग लावायचा आणि प्रत्येक भागावर संकेत लिहायचा. 'वाय २ आर २' म्हणजे २५ टक्के पिवळा आणि २५ टक्के लाल, म्हणजेच गोऱ्या माणसाची कातडी. कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टच्या कारखान्यात हे संकेत वाचून कामगार, त्यात बहुतेक बायका, प्रत्येक शाईच्या प्रत्येक पायरीसाठी वेगळ्या पारदर्शक पत्र्यावर तो तो भाग हाताने भरत. तीन शाया, तीन पायऱ्या, एका पानाला नऊ पत्रे. सुपरमॅनच्या काळ्या केसांत निळी झाक दिसते आणि बॅटमनची केप निळी वाटते, त्याचं कारण हेच. काळ्यावरची चमक दाखवायला या ६४ छटांत निळ्याशिवाय दुसरं काही चाललंच नसतं.

हे सगळं छापलं जायचं वर्तमानपत्री कागदावर. हा कागद मुळातच मळकट पिवळसर, शाई शोषणारा. ठिपका पसरतो, भरीव लाल जरा विटतो, निळा गढूळ होतो. रंगकाराला हे माहीत असायचं आणि त्याने रंग निवडलेला असायचा तो ही घसरण धरूनच. आता तीच टक्केवारी जशीच्या तशी पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत आर्ट पेपरवर छापा. शाई वरच बसते, पिवळा डोळ्यांत घुसतो, कातडी खेळण्यातल्या बाहुलीसारखी गुलाबी दिसते. प्रकाशक म्हणतात, "आम्ही मूळ रंगच वापरलेत." टक्केवारी मूळ असते हे खरं, पण पानावर दिसणारा रंग मूळचा नसतो. यावरचा उपाय महाग नाही: बिनचमकीचा, किंचित मातकट छटेचा कागद. तेवढ्यानेच अर्धी लढाई जिंकता येते.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे संगणकावर नव्याने भरलेले छायांकित रंग. जुना चित्रकार रेखाटताना सपाट रंग गृहीत धरायचा. नाकाखालची सावली, दंडाच्या स्नायूची गोलाई, कपड्याची चुणी हे सगळं त्याने काळ्या शाईनेच सांगून टाकलेलं असतं. त्यावर आता डावीकडून उजवीकडे हळूहळू गडद होत जाणारा रंग चढवला की चित्रात दोन सूर्य उगवतात. काळी सावली एक दिशा सांगते, रंगाची सावली दुसरी. चेहरे फुगीर दिसायला लागतात, रेषा मऊ पडते, आणि वाचकाला कारण न कळता पान जड वाटतं.

तिसरी चूक निव्वळ तांत्रिक आहे, पण सर्रास होते. छापील जुनं पान स्कॅन केलं की त्यातले ठिपके येतात. तेच पान नव्या ठिपक्यांच्या जाळीतून पुन्हा छापलं की दोन जाळ्या एकमेकींवर पडून कपड्यांवर, आकाशावर लाटांसारखे पट्टे उमटतात. ते टाळायला कोणी स्कॅन धूसर करतं, मग ठिपक्यांबरोबर पेनाची बारीक रेषही पुसली जाते. किमान ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० बिंदू घेऊन, रंगीत स्कॅन करून, छपाईत नियमित जाळीऐवजी विस्कळीत ठिपक्यांची पद्धत वापरली तर जुने ठिपके टिकतात आणि पट्टेही येत नाहीत. छापखान्याला ही पद्धत नवी नाही. कोणी मागत नाही म्हणून वापरली जात नाही, इतकंच.

रंग बदलला की इतिहास कसा बदलतो याचं चांगलं उदाहरण म्हणजे हल्क. मे १९६२ च्या पहिल्या अंकात तो करडा होता. त्या छपाईत करडा रंग स्थिर राहीना, एका पानावर वेगळा, दुसऱ्या पानावर वेगळा दिसू लागला, म्हणून दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवा केलं. पुढे कित्येक वर्षं पहिल्या अंकाची गोष्ट पुन्हा छापतानाही त्याला हिरवाच रंगवत. छपाईच्या अडचणीतून जन्मलेला जगप्रसिद्ध रंग, आणि तो जन्माचा पुरावाच नंतरच्या आवृत्त्यांनी झाकला.

इथे एक अवघड आक्षेप आहे, तो टाळता येत नाही. खुद्द चित्रकारालाच जुने रंग आवडत नसतील तर? बॅटमन आणि जोकरच्या १९८८ च्या 'द किलिंग जोक'चे रंग जॉन हिगिन्सचे होते. चित्रकार ब्रायन बोलंडने २००८ मध्ये ते पुस्तक स्वतः पुन्हा रंगवलं: भडक जांभळे-पिवळे काढून निवळ थंड छटा, आठवणींची पानं करडी आणि त्यात एखादीच वस्तू लाल. अनेकांना नवं चांगलं वाटतं. माझ्या मते भूतकाळाच्या पानांपुरतं ते चांगलं आहेही, पण जत्रेच्या दृश्यांतला जुना आजारी झगमगाट गेला, आणि गोष्टीतलं वेड त्या झगमगाटातच होतं. माझी आवड बाजूला ठेवू. बोलंडला पुन्हा रंगवण्याचा हक्क होता यात वाद नाही. वाद आहे तो पुढे कित्येक वर्षं दुकानात फक्त नवीच प्रत उरण्याबद्दल. रंगकारही त्या पुस्तकाचा एक कर्ता होता आणि वीस वर्षं वाचकांनी त्याचं काम वाचलं होतं.

वर्तमानपत्री पट्ट्यांची दुखणी वेगळी आहेत, तिथे कात्री चालते. विन्सर मॅकेचा 'लिटल निमो' १५ ऑक्टोबर १९०५ पासून न्यूयॉर्क हेरल्डमध्ये यायचा तो वर्तमानपत्राच्या आख्ख्या पानावर. पलंगाचे पाय लांब होत होत गावावरून चालत जातात, ते दृश्य त्या उंचीसाठीच रचलेलं. तेच नेहमीच्या पुस्तकाच्या आकारात आणलं की संवाद वाचायला भिंग लागतं आणि रचनेचा जीव जातो. २००५ मध्ये पीटर मारेस्का यांच्या संडे प्रेसने १६ बाय २१ इंचांचं पुस्तक काढलं तेव्हा कुठे वाचकांना कळलं की मॅके नेमकं काय करत होता. असं पुस्तक कपाटात मावत नाही ही तक्रार खरी आहे. पण चित्र लहान करायचं असेल तर ते किती टक्क्यांनी लहान केलं हे लिहायला काय हरकत आहे?

पुढे वर्तमानपत्रांनी जागा आखडली तशी रविवारच्या पानाची रचनाच मोडतोड सोसणारी झाली. वरची ओळ, म्हणजे शीर्षकाची चौकट आणि तिच्या शेजारचा छोटा विनोद, संपादकाला उडवता येईल अशीच आखावी लागे. बाकीच्या चौकटी अर्धं पान, तृतीयांश पान किंवा टॅब्लॉइड अशा कोणत्याही मांडणीत बसायला हव्यात. म्हणून वरच्या ओळीत गोष्टीला आवश्यक असं काही टाकताच येत नसे. 'कॅल्व्हिन अँड हॉब्ज'चा बिल वॉटरसन यावर भांडला आणि १९९२ पासून त्याचं रविवारचं अर्धं पान अखंड छापावं लागलं. त्याच्या त्यानंतरच्या रविवारांची मांडणी आधीच्यांशी ताडून बघा, चौकटी लांबट, उभ्या, काही ठिकाणी बिनचौकटीच्या होतात. उलट चार्ल्स शुल्झच्या 'पीनट्स'च्या रोजच्या पट्टीत चार सारख्या चौकटी असत, कारण २ ऑक्टोबर १९५० ला ती सुरू झाली तेव्हा आडवी, उभी किंवा दोन-दोन अशी कशीही लावता येते हाच तिच्या विक्रीतला मुद्दा होता. रविवारच्या या मोडतोडीमुळे पुस्तक करताना कोणत्या वर्तमानपत्राची कात्रणं वापरली यावर वाचकाला पूर्ण रविवार मिळतो की दोन-तृतीयांश, हे ठरतं. मुख्य पट्टीच्या डोक्यावर त्याच चित्रकाराची दुसरी छोटी पट्टी असायची, पॉपायच्या 'थिंबल थिएटर'वर 'सॅपो' असायची तशी. जुन्या संग्रहांत तिला सरसकट कात्री लागली आहे.

मालिका पट्ट्यांची कॉमिक बुकं करताना आणखी एक उद्योग चाले. रोजच्या पट्टीची पहिली चौकट काल काय झालं ते सांगते. पुस्तकात ती पुनरुक्ती वाटते म्हणून ती काढायची, मग उरलेल्या दोन चौकटी पानाच्या रांगेत बसेनात, म्हणून एकीची पार्श्वभूमी कोणाकडून तरी वाढवून घ्यायची, दुसरीतला हात कापायचा. फँटमच्या रोजच्या आणि रविवारच्या गोष्टी वेगवेगळ्या असल्याने निदान कथानक तुटत नाही. 'टेरी अँड द पायरेट्स'मध्ये १९३६ पासून दोन्ही धागे एकत्र झाले. त्याचा संग्रह रविवारशिवाय काढला की सोमवारी नायक वेगळ्याच ठिकाणी सापडतो.

आता छपाईसाठी रेषा आणायची कुठून, हा प्रश्न. कॉमिक बुकांची मूळ चित्रं त्या काळी छपाईनंतर फेकून दिली जात, कापली जात, वाटली जात. ज्या अंकांच्या छपाईच्या फिल्मही उरल्या नाहीत, तिथे दोनच वाटा होत्या. एक, दुसऱ्या चित्रकाराकडून छापील पानावरून गिरवून घेणं. अशी काही पानं सुरुवातीच्या पुठ्ठा-बांधणीच्या संग्रहांत आहेत आणि जाणकाराला ती लगेच कळतात, कारण गिरवणारा सावध असतो आणि मूळ रेषा बेफिकीर असते. दुसरी वाट ग्रेग थिकस्टनच्या नावाने ओळखली जाते. जुन्या अंकाची पानं सुटी करून ब्लीचमध्ये बुडवायची. रंगीत शाया उडून जातात, काळ्या शाईतला कार्बन तसाच राहतो, आणि हातात शुद्ध रेषेचं पान येतं. पण कागद विरतो. म्हणजे एक प्रत वाचवायला एक प्रत मारायची. आज स्कॅनमधले रंग वेगळे काढता येत असल्याने या प्रकाराची गरज उरलेली नाही. पोर्तुगालच्या मॅन्युएल काल्दास यांनी हाल फॉस्टरच्या 'प्रिन्स व्हॅलियंट'च्या छापील पानांवरून संगणकाने रंग काढून रेषा परत मिळवली. फँटाग्राफिक्स या अमेरिकी प्रकाशनाने २००९ पासून तीच मालिका छापली ती सिराक्यूज विद्यापीठात जपलेल्या, फॉस्टरकडच्या रंगीत प्रूफांवरून. दोन्ही प्रयत्न प्रामाणिक आहेत, पण ते एकच पुस्तक नव्हे. वाचकाला हा फरक सांगितला गेला म्हणूनच दोन्हींना किंमत आहे.

सगळ्यात तापलेला वाद मात्र वर्णद्वेषी चित्रांचा. विल आयस्नरच्या 'द स्पिरिट'मधला एबनी व्हाइट, जाड ओठांचा, मोडकं बोलणारा काळा मुलगा, आज बघताना अंगावर काटा येतो. 'टिनटिन इन द काँगो'बद्दल वेगळं सांगायला नको. १९३०-३१ च्या मूळ गोष्टीत टिनटिन काँगोच्या मुलांना 'तुमचा देश बेल्जियम' शिकवतो. १९४६ च्या रंगीत आवृत्तीत हर्जेने तो धडा गणिताचा केला. गेंड्याला भोक पाडून सुरुंगाने उडवण्याचा प्रसंग स्कँडिनेव्हियन प्रकाशकाच्या आग्रहावरून १९७५ मध्ये बदलला. म्हणजे साफसफाई खुद्द कर्त्यानेच केली. पण निकाल काय लागला? धडा गेला, चेहरे बरेचसे तसेच राहिले. वसाहतवाद सांगणारं एक वाक्य पुसलं आणि वसाहतवादी नजर पानोपानी ठेवली. अशा डागडुजीने पुस्तक सोवळं होत नाही, फक्त त्याच्यावर आरोप करणं अवघड होतं. सुदैवाने टिनटिनच्या बाबतीत जुनी कृष्णधवल आवृत्तीही छापून मिळते, म्हणूनच आपण हे दोन्ही शेजारी ठेवून बोलू शकतो.

जपानमध्ये कॉमिक चित्रकार ओसामु तेझुकांच्या निधनानंतर काळ्या माणसांच्या त्यांच्या चित्रणाबद्दल असाच आक्षेप घेतला गेला. तिथे चित्रं बदलण्याऐवजी पुस्तकात निवेदन जोडण्याचा मार्ग निघाला: चित्र अन्यायकारक का आहे, आणि तरीही मृत कर्त्याच्या कामात हात का घातलेला नाही. मला हा मार्ग पटतो. निवेदन मात्र कोऱ्या माफीनाम्यासारखं नको. हे रूढ व्यंगचित्र कुठून आलं, त्या काळात कोणी विरोध केला होता का, चित्रकाराची नंतरची भूमिका काय, हे दोन पानांत सांगणारा लेख हवा. लहान मुलांच्या हाती असं पुस्तक द्यावं असं मी म्हणत नाही. वर्गातल्या कपाटासाठी निवड वेगळी आणि ग्रंथालयाच्या संग्रहासाठी वेगळी. ज्या माणसांची टिंगल त्या पानांवर झाली, त्यांच्या नातवंडांनी ते पुस्तक नजरेसमोर नको म्हटलं तर तेही रास्तच आहे. पण कपाटातून काढणं वेगळं आणि चित्र गुपचूप बदलून तसंच विकणं वेगळं. दुसऱ्यात टिंगल झालीच नव्हती असा खोटा दाखला तयार होतो.

आणि साफसफाई नेहमी सद्हेतूनेच होते असं समजणाऱ्यांनी ईसी कॉमिक्सची १९५६ ची गोष्ट आठवावी. 'जजमेंट डे' ही अल फेल्डस्टाइन आणि जो ऑर्लँडो यांची विज्ञानकथा १९५३ मध्ये आधीच छापून झालेली होती. यंत्रमानवांच्या ग्रहावर नारिंगी आणि निळे असा भेदभाव बघून पृथ्वीचा प्रतिनिधी परत निघतो, शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण काढतो आणि तो काळा माणूस आहे हे कळतं. कपाळावर घामाचे थेंब चमकत असतात. 'इन्क्रेडिबल सायन्स फिक्शन'च्या ३३ व्या अंकात ती पुन्हा छापायची ठरली तेव्हा कॉमिक्स कोडच्या, म्हणजे कॉमिक प्रकाशकांनीच नेमलेल्या सेन्सॉरच्या, प्रमुखाने तो माणूस काळा चालणार नाही म्हणून सांगितलं. प्रकाशक विल्यम गेन्स अडून बसला, गोष्ट जशीच्या तशी गेली, आणि ईसीचं ते शेवटचं कॉमिक बुक ठरलं. कात्री कोणाच्या हातात असेल हे आपण ठरवत नाही. म्हणून कात्री चालवण्याचीच नोंद सक्तीची हवी.

ती नोंद म्हणजे फार काही नाही, एक पान. कोणती चौकट कशावरून घेतली: मूळ चित्र, सिंडिकेटचं (पट्ट्या वर्तमानपत्रांना विकणाऱ्या संस्थेचं) प्रूफ, वर्तमानपत्राचं कात्रण, मायक्रोफिल्म की आधीचं पुस्तक. रंग जुने की नवे, नवे असल्यास कोणाचे. आकार किती टक्के. कोणत्या तारखा गाळल्या, कोणते शब्द बदलले, कोणत्या चौकटी वाढवल्या. भाषांतर असेल तर चित्रं आरशातून उलटवली आहेत का. जपानी पानं डावीकडून वाचता यावीत म्हणून उलटवली की सगळे तलवारबाज डावखुरे होतात आणि किमोनोची उजवी बाजू वर येते, जी तिकडे फक्त मृतदेहाला नेसवताना घेतात. संपादकाकडे ही सगळी माहिती काम करताना असतेच. छापायला खर्च येत नाही, आणि दडवायलाही फारसं कारण नसतं, एवढंच की कोणी विचारत नाही.

हे आत्ताच का विचारायचं, तर आधार संपत चालला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी ग्रंथालयांनी वर्तमानपत्रांचे बांधीव खंड मायक्रोफिल्मवर उतरवले आणि कागद काढून टाकले. मायक्रोफिल्म कृष्णधवल होती. पिवळा पांढरा झाला, लाल काळा झाला, रविवारची रंगीत पानं तिच्यावर गेली ती कायमची. बिल ब्लॅकबेअर्ड नावाच्या माणसाने सॅन फ्रान्सिस्कोत घरभर हे टाकाऊ खंड गोळा केले नसते, तर आज दिसणाऱ्या संग्रहांपैकी अनेक निघालेच नसते. त्याचा साठा ओहायो स्टेट विद्यापीठात गेला तेव्हा तो ७५ टनांचा होता आणि न्यायला सहा ट्रेलर लागले.

दुसरीकडे अमेरिकेत १ जानेवारी २०२५ पासून १९२९ ची पॉपायची आणि टिनटिनची पानं स्वामित्वहक्कातून मोकळी झाली आहेत. युरोपात हर्जेचा हक्क २०५३ अखेरपर्यंत आहे. सुपरमॅनचा १९३८ चा पहिला अंक अमेरिकेत २०३४ मध्ये मोकळा होईल, बॅटमनचा १९३९ चा त्यानंतर वर्षभराने. तेव्हा वारसदार नसतील, सिंडिकेट नसेल, कोणीही छापेल. त्यात स्कॅनवरून स्कॅन काढून, यंत्राने 'स्वच्छ' करून विकणारेच जास्त असतील. ज्या ग्रंथालयांकडे कागद उरला आहे त्यांनी त्याआधी ती पानं रंगीत, ६०० डीपीआयला, कोपरे न छाटता, तारखेची आणि वर्तमानपत्राच्या नावाची ओळ ठेवून स्कॅन करावीत, आणि न सुधारलेल्या फाइली सगळ्यांना उघड्या कराव्यात. छापणाऱ्याने मग त्यांवरून हवं ते करावं. वाचकाकडे ताडून बघायला मूळ पान असेल.